कापसाची गंजी, रुईची गाठ आणि आगीचे माप
समुद्रपूर तालुक्याचा कापूस शेजारच्या हिंगणघाटच्या बाजारात जातो. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारातही या भागातली रुई ‘हिंगणघाट’ याच नावाने ओळखली जाई. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि मोकळ्या कापसाच्या गंज्यांजवळच दाबलेल्या गाठींच्या थप्प्या लागू लागल्या. जिन्नस एकच, पण गंजीवर ज्वाळा क्षणात पसरते, तर गाठ आतल्या आत दिवसचे दिवस धुमसते. इमारतीतल्या आगीचे माप काढणाऱ्या शास्त्राला हा फरक आकड्यांत मांडायला बराच काळ लागला.

सुरुवात वजनापासून झाली. अमेरिकेत इंगबर्ग यांनी सामानाने भरलेल्या खोल्या जाळून पाहिल्या आणि 1928 मध्ये निष्कर्ष मांडला: दर चौरस मीटरला सुमारे 49 किलो लाकूड असेल, तर आगीची तीव्रता भट्टीतल्या एका तासाच्या प्रमाणित चाचणीएवढी धरावी. भारतीय मानकांनीही हीच वाट धरली, फक्त वजनाऐवजी सामान जळल्यावर निघणारी उष्णता, म्हणजे अग्निभार, मोजला. चौरस मीटरला 2,75,000 किलोकॅलरीपर्यंत अग्निभार कमी, 5,50,000 पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. रुईची एक गाठ 170 किलोची. किलोमागे सुमारे 4,000 किलोकॅलरी धरल्या तर एकाच गाठीत 6,80,000 होतात. चौरस मीटरला एक गाठ आली, तरी गोदाम थेट वरच्या वर्गात जाते.

पण एवढ्याने आगीचा वेग कळत नाही, आणि माणसे वाचतात की नाही हे वेगावरच ठरते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे 8,700 गाठी आणि 1,400 टन स्फोटके होती. दुपारी गाठींतून धूर दिसला, पाण्याचा मारा सुरू झाला, तरी आगीचे मूळ सापडेना. चारनंतर स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान त्या दिवशी गेले.

वेगाचा हिशोब पुढे मांडला गेला. 1958 मध्ये जपानच्या कावागोए यांनी दाखवले, की बंद खोलीतली आग खिडकीतून येणाऱ्या हवेएवढीच वाढते. 1980 मध्ये हगेट यांनी सिद्ध केले, की बहुतेक पदार्थ जळताना खर्च झालेल्या दर किलो ऑक्सिजनमागे सुमारे 13.1 मेगाज्यूल उष्णता निघते. त्यामुळे धुरातला ऑक्सिजन मोजून आगीची ताकद थेट किलोवॅटमध्ये काढता येऊ लागली. इमारतीच्या कामगिरीवर आधारलेल्या अग्निसुरक्षा आराखड्यात आज आग वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे धरतात. सुमारे 1 मेगावॅट गाठायला मंद आगीला 600 सेकंद लागतात, अतिजलद आगीला 75. फवारे सुरू झाल्यावर आग त्याच मापावर थांबली असे बहुधा मानतात. गाठीला मात्र हे गृहीतक लागू पडत नाही. पाणी आत शिरत नाही, म्हणून ती बाहेर ओढून, फोडूनच विझवावी लागते.