रेडिओचं लायसन

आमच्या जळगाव जामोदच्या घरात देवघराशेजारी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात घराची खरेदी, शेताचा सातबारा, आईची जन्मपत्रिका आणि रेडिओचं लायसन अशी चार मोलाची कागदपत्रं असत. आमच्या नातवंडांचा बाकी तिन्हींवर विश्वास बसतो, पण चौथं नाव काढलं की हसतात. "आजोबा, लायसन बंदुकीले लागते. रेडिओले कायले?"

लागायचं, बाबांनो! छोटंसं पुस्तकच असे. दरवर्षी पोस्टात जायचं, पंधरा रुपये भरायचे, मग तिथले साहेब त्यात खास तिकीट चिकटवून असा काही शिक्का हाणत, की जणू रेडिओलाच देवी टोचल्या. वडील शाळामास्तर. तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. एका वर्षी रेडिओचा व्हॉल्व्ह गेला आणि दहा महिने तो फळीवर विणलेला रुमाल पांघरून मुका बसला. वडील तरीही पोस्टात निघाले.

आई म्हणाली, "अहो, बोलत नाही त्याचे पैसे कायले भरता?"

"कायद्यात ऐकणं नाही, बाळगणं आहे," वडील म्हणाले.

आई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. न बोलणारं बाळगायचेही पैसे पडतात, हे तिला नवीन होतं.

पण वडिलांचं बरोबर होतं. यामागं एक जुनी फजिती आहे. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं मुंबईत रेडिओ केंद्र सुरू केलं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला हजर होते. वर्षाची लायसन फी दहा रुपये, त्यातले आठ कंपनीला मिळायचे. हिशेब कागदावर सुरेख होता. फक्त ऐकणाऱ्यांनी पैसे भरायला हवे होते! गाणं हवेतून येतं, हवा कुणाच्या बापाची नाही, अशा थोर विचाराचे लोक तेव्हाही होते. लायसनं काही हजारांच्या पुढं गेली नाहीत आणि 1 मार्च 1930 ला कंपनीनं गाशा गुंडाळला. मग सरकारला शहाणपण आलं. हवेतलं गाणं पकडता येत नाही, पण फळीवरचा डबा पकडता येतो. 1933 च्या वायरलेस कायद्यानं परवान्याशिवाय नुसतं यंत्र बाळगणं हाच गुन्हा ठरला.

पुढं टीव्ही आला, त्याचे वर्षाला पन्नास रुपये. आमच्याकडे टीव्ही यायच्या आतच, 1985 साली, घरगुती रेडिओ-टीव्हीची लायसनं सरकारनं बंद केली. वडील पुस्तक घेऊन पोस्टात गेले नि तसेच परत आले. "घेत नाहीत म्हणे आता," एवढंच बोलले. त्या संध्याकाळी त्यांनी बातम्या लावल्या, पण आवाज जरा बारीक ठेवला.

मधल्या काळात व्हिडिओचं पेव फुटलं. भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे बघायचे, आणि पहाटे शेवटच्या सिनेमात कोण मेलं यावर भांडायचं. मग कडुलिंबावरून, वाड्यांच्या कौलांवरून काळ्या वायरी धावू लागल्या. केबल! 1994 मध्ये वटहुकूम निघाला, 1995 मध्ये कायदा झाला आणि केबलवाल्यांची नोंदणी गेली पुन्हा पोस्टात, जिल्ह्याच्या हेड पोस्ट ऑफिसात. सरकारचं पोस्टावर भारीच प्रेम.

आमचा पुतण्या याच धंद्यात पडला. पोस्टातली नोंदणी फार अवघड नव्हती. खरं दुखणं करमणूक कराचं. हा कर 1923 च्या मुंबईच्या कायद्यातला, बोलपटाच्याही आधीचा. आमचं गाव तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच, वऱ्हाडात होतं. पुढं महाराष्ट्र झाला आणि मुंबईचा हा कर आमच्याही वाट्याला आला. केबलवर तो दर कनेक्शनमागं दरमहा. तेव्हा कनेक्शनं किती, हाच काय तो प्रश्न. आणि त्याची दोन उत्तरं असत, एक तहसील कचेरीसाठी, एक वसुलीच्या पोरासाठी.

वडिलांना हे कळलं तेव्हा ते सत्तरीपुढं होते. काठी टेकत गच्चीवर गेले नि वायरी मोजून आले. मग पुतण्याला बोलावलं. "मी तुला देतो त्यातला कर सरकारात जातो का रे?"

"आबा, तुमचं नाव पह्यल्या नंबरावर लिवतो! बास?"

"आणि बाकीच्यांचं?"

"सगळे लिवले तं धंदा कसा चालन? वरची कंपनी चॅनलचे पैसे मांगते, इकडं लोकं दोन-दोन महिने देत नाहीत."

त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. पण वडील तीन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. टीव्ही मात्र पाहत होते. कायद्यात बाळगणं होतं ना.

पुढची गंमत पाहायला ते राहिले नाहीत. सेटटॉप बॉक्स आले. गावोगाव डबा बसवायची शेवटची तारीख 31 मार्च 2017. आता प्रत्येक घर आपोआप मोजलं जाणार, लपवायची सोयच उरली नाही. सरकारला जे चौऱ्याण्णव वर्षांत जमलं नाही ते जमलं. आणि बरोब्बर तीन महिन्यांनी, 1 जुलैला, जीएसटी आला नि राज्याचा करमणूक करच त्यात विरघळला! पुतण्या धावत आला, "काका, मोजणी झाली अन् करच गेला!" कर अर्थात गेला नव्हता, नाव बदलून आला होता. 2019 मध्ये शंभर चॅनलच्या 130 रुपयांवर 18 टक्के चढून घरटी 153 रुपये 40 पैसे पडू लागले, तेव्हा त्याला ते उमगलं.

जानेवारी 2025 पासून पोस्टही सुटलं. नोंदणी थेट दिल्लीच्या मंत्रालयाकडं, इंटरनेटवरून. पाच वर्षांचे पाच हजार. पुतण्या माझ्याकडं अर्ज भरायला आला. पोरं मोबाइलवर पाहतात, कनेक्शनं निम्म्यावर आली आहेत, आता खरा आकडा सांगायची त्यालाच लाज वाटते.

"काका, पाच वर्षं टिकन का हा धंदा? भरू का पैसे?"

"हे भेंडवळला जाऊन विचार," मी म्हणालो. अक्षय्य तृतीयेला तिथं घटमांडणी होते. पाऊस, पिकं, राजाची गादी, सगळं सांगतात. केबलचं काही अजून ऐकलं नाही.

तो हसला नाही. पेटी उघडीच होती, तीतलं जुनं पुस्तक काढून तिकिटं बघत बसला. "आबानं मुक्या रेडिओचेबी भरले म्हणता?"

"भरले."

मग त्यानं अर्ज पाठवला. पैसे खात्यातून गेले, पावती यायच्या आत नेट गेलं. आम्ही चहा टाकला नि वाट बघत बसलो.