देवकी-यशोदेच्या युद्धकथा

युद्धाचा इतिहास बहुधा रणांगणाच्या बाजूने लिहिला जातो. परंतु दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचा एक इतिहास रेल्वेच्या फलाटांवर आणि परक्यांच्या स्वयंपाकघरांत घडला. १ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधी, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने मोठ्या शहरांतून मुलांचे स्थलांतर सुरू झाले. पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख माणसे खेड्यापाड्यांत हलविली गेली. त्यांत सुमारे ८ लाख शाळकरी मुले आईवडिलांवाचून निघाली होती. अंगावर नावाची चिठ्ठी आणि खांद्याला गॅस-मास्कची पेटी, अशा अवस्थेत ती गावच्या सभागृहात उभी राहत आणि यजमान त्यांतून आपल्याला हवे ते मूल निवडून नेत. एका मुलासाठी सरकार आठवड्याला साडेदहा शिलिंग देई.

या घटनेने दोन स्त्रियांची गाठ घातली. आपल्या परंपरेच्या भाषेत त्यांना देवकी आणि यशोदा म्हणता येईल. फरक इतकाच, की येथल्या यशोदेने पुष्कळदा मूल मागितलेले नव्हते. आणि ते कोणाच्या ओटीत पडले हे पत्र येईपर्यंत देवकीला ठाऊक नसे. या दोघींमधील नात्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासकारांइतकाच कादंबरीकारांचाही होता.

युद्ध चालू असताना साहित्याने दिलेले उत्तर फारसे हळवे नव्हते. इव्हलिन वॉ यांच्या ‘पुट आउट मोअर फ्लॅग्ज’ (१९४२) या उपरोधिक कादंबरीत नायक तीन द्वाड मुलांना घरोघर ठेवतो आणि त्यांना परत नेण्यासाठी त्रासलेल्या यजमानांकडून पैसे उकळतो. हा विनोद सुखवस्तू यजमानाच्या नजरेतून आलेला आहे. मुलांच्या उवा, फाटके कपडे, ओली होणारी अंथरुणे यांविषयीच्या तक्रारी त्या काळी सर्रास होत. त्यांच्या मुळाशी असलेल्या शहरी दारिद्र्याची पाहणी स्त्रियांच्याच एका गटाने केली आणि १९४३ मध्ये ‘अवर टाउन्स’ हा अहवाल प्रसिद्ध केला. नोएल स्ट्रेटफील्ड यांच्या ‘सॅपलिंग्ज’ (१९४५) मध्ये दिसते ते मुलांच्या मनाचे दुखणे. घर विस्कटले की सुस्थितीतली मुलेही कशी कोमेजतात, हे त्यांनी दाखविले. लंडनमध्ये बालगृहे चालविणाऱ्या ॲना फ्रॉइड यांचेही निरीक्षण असेच होते, की लहान मुलाला बॉम्बपेक्षा आईची ताटातूट अधिक सोसवत नाही.

स्त्रियांच्या मैत्रीचा सूर प्रबळ झाला तो पुढच्या पिढीत, इंग्रजीत ‘सागा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदीर्घ कौटुंबिक कादंबऱ्यांतून. मॉरीन ली यांनी १९९० च्या दशकात पर्ल स्ट्रीट या एका गल्लीतील बायकांचे युद्धजीवन रंगविले. शेजारणीचे मूल सांभाळणे, शिधा वाटून घेणे, तार आली की दारात जाऊन उभे राहणे, ही त्यांची युद्धआघाडी होती. एलिझाबेथ जेन हॉवर्ड यांच्या कॅझलेट कुटुंबाच्या मालिकेत (१९९० ते २०१३, पाच खंड) ससेक्सच्या घरी जमलेल्या क्लॅरी आणि पॉली या चुलत बहिणी एकमेकींच्या आधाराने वाढतात. क्लॅरीचे वडील फ्रान्समध्ये बेपत्ता होतात. ते जिवंत आहेत असे ती एकटीच धरून बसते. ही श्रद्धा सांभाळण्याचे काम मैत्रीच करते.

या कादंबऱ्यांवर गोडवा पसरविल्याचा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. पुष्कळ मुलांना प्रेम लाभले, पण काहींच्या वाट्याला मोलकरणीचे काम, मार आणि त्याहून वाईट गोष्टीही आल्या. अशा मुलांनी पुढे कित्येक वर्षे तोंड उघडले नाही. तथापि सागेने जे सांगितले तेही खोटे नव्हे. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रसेवा सक्तीची झाली. कारखाना, रांग, परक्याचे मूल आणि आपले दूर गेलेले मूल हे सारे एकाच वेळी पेलणाऱ्या बायकांना एकमेकींवाचून गत्यंतर नव्हते. सरकारी कागदपत्रांत मुलांची संख्या मिळते, शिलिंगांचा हिशेब मिळतो. हे परस्परावलंबन मात्र तेथे क्वचितच उमटते.

ग्रंथालयाच्या दृष्टीने या वाङ्मयप्रकाराला आणखी एक महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानुसार ग्रंथालयांतून पुस्तके नेली गेल्याच्या प्रमाणात लेखकांना मोबदला मिळतो. त्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या नोंदींत कौटुंबिक सागा लिहिणाऱ्या कॅथरीन कुक्सन यांचे नाव सलग अनेक वर्षे अग्रस्थानी होते. समीक्षकांनी ज्यांना चर्चेत फारसे स्थान दिले नाही, ती पुस्तके वाचकांनी देवघेवीच्या टेबलावरून आवर्जून घरी नेली.

म्हणून अभिरुचीच्या नावाखाली अशी पुस्तके अडगळीत टाकू नयेत. आणि तीच तेवढी वाचून युद्ध समजले असेही मानू नये. वॉ यांचा उपरोध, स्ट्रेटफील्ड यांची वेदना आणि सागेतील ऊब एकाच फडताळात शेजारी शेजारी असली, तरच त्या देवकीचा आणि त्या यशोदेचा पुरता परिचय होतो. ग्रंथपालाने तिन्ही पुस्तके जपावीत आणि सभासदाने तिन्ही मागून न्यावीत, यातच ग्रंथालयाचे सार्थक आहे.