दिवसाची शाळा आणि रात्रीचा दिवा

शाळेचा इतिहास लिहावयास बसणारा लेखक बहुधा कोनशिलेपासून आरंभ करितो. शाळा कोणत्या सालीं निघाली, तिचे संस्थापक कोण, मॅट्रिकला किती मुलें उतरलीं, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति कितीदां मिळाली, इतकें सांगितलें म्हणजे इतिहास पुरा झाला असें तो समजतो. हा तपशील मोलाचा आहे यांत संशय नाहीं. परंतु सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील इंग्रजी शाळांची हकीकत चाळीत असतां एक अगदीं साधा प्रश्न मला पुनःपुन्हां अडवूं लागला. सायंकाळीं घंटा झाली, शाळा सुटली. मग मुलगा कोठें जाई? तो जेवे कोणाकडे, आणि कोणाच्या दिव्यापाशीं बसून दुसऱ्या दिवसाचा धडा तयार करी? या प्रश्नाच्या मागें गेलें म्हणजे कोनशिलेवर न कोरलेला इतिहास दिसूं लागतो. आणि महाविद्यालयाचा दरवाजा कोणास उघडला व कोणास बंद राहिला, याचें उत्तर पुष्कळदां त्या इतिहासांतच सांपडतें.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचें कारण उघड आहे. आज ज्यास आपण सांगली जिल्हा म्हणतों तो १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' या नांवानें अस्तित्वांत आला. सांगली हें नांव त्यास १९६० सालीं मिळालें. त्यापूर्वीं वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके साताऱ्याचेच होते, आणि सांगली-मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें त्यांस लागून होतीं. कृष्णाकाठच्या या टापूंतील मुलगा शिकावयास निघाला म्हणजे त्याच्यापुढें वाटा त्याच असत.

त्या सर्व वाटांच्या शेवटीं एकच वेस होती. तिचें नांव मॅट्रिक. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तेव्हांपासून १९४९ सालीं एस. एस. सी. परीक्षा सुरू होईपर्यंत इंग्रजी शाळांचें सारें वेळापत्रक या एका परीक्षेकडे तोंड करून उभें होतें. आधीं मराठी इयत्ता, मग इंग्रजी पहिलीपासून चढत चढत मॅट्रिकचा वर्ग, असा हा जिना असे. इंग्रजीसाठीं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, संस्कृतासाठीं भांडारकरांचीं दोन पुस्तकें, गणितास पुढें पुढें गोखल्यांचें अंकगणित, आणि भूमितींत युक्लिडचे सिद्धांत, हा त्याचा शिधा. वरच्या इयत्तांतून इतिहास आणि गणितहि परकीय भाषेंतून शिकावें लागे. अशी विद्या वर्गांत ऐकून येत नाहीं. ती घोकावी लागते, लिहून काढावी लागते, पहांटे उठून पुन्हां ताजी करावी लागते. थोडक्यांत म्हणजे, या शिक्षणाचा निम्मा भाग शाळेंत होई आणि निम्मा घरीं. परंतु अभ्यासक्रमाच्या कागदावर त्या दुसऱ्या निम्म्याची नोंद कोठेंहि नसे.

सरकारी शाळांच्या जोडीला खाजगी शाळा उभ्या राहिल्या त्या याच परीक्षेच्या तयारीसाठीं. मात्र त्यांच्यापुढें परीक्षेहून मोठें ध्येय होतें. जानेवारी १८८० मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर त्यांस लौकरच येऊन मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज झालें. वीस वर्षें सोसायटीच्या सेवेंत घालवूं असा करार करून गोखल्यांसारखा पदवीधर दरमहा पंचाहत्तर रुपयांवर राबला, ही गोष्ट आमच्या पिढीनें शाळेंत असतांना ऐकली आहे आणि ती अद्यापि शिळी झालेली नाहीं. याच सोसायटीनें १८९९ सालीं साताऱ्यास आपलें दुसरें न्यू इंग्लिश स्कूल चालू केलें. पुण्याची शिस्त, पुण्याच्या पद्धतीची तयारी आणि विद्येच्या ध्येयानें आलेले शिक्षक अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं आले. गांवांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांस ही मोठीच सोय झाली, आणि पुढें कॉलेजांत नांव काढलेल्या कित्येक विद्यार्थ्यांचा पाया तेथें घातला गेला.

परंतु ही दिवसाची शाळा होती, आणि दिवसाच्या शाळेची एक न लिहिलेली अट असते. विद्यार्थ्याचें घर गांवांत असलें पाहिजे. फी माफ करितां येते. पुस्तकें वरच्या वर्गांतील मुलाकडून अर्ध्या किंमतीस मिळतात. परंतु माण-खटावच्या माळावरील, किंवा जावळीच्या डोंगरांतील मुलास साताऱ्यांत घर कोठून मिळावें? ज्याचा मामा किंवा चुलता गांवांत नोकरीस असे, तो त्याच्याकडे राही. ब्राह्मणाच्या गरीब मुलास आणखी एक जुनी सोय होती. तो सात घरीं सात वार लावी, किंवा माधुकरी मागे. वारावर जेवणें सुखाचें नव्हतें. कोणत्या घरीं ताटांत काय पडे आणि कोणत्या घरीं काय बोलणें ऐकावें लागे, हें त्या मुलांनीं पुढें आपल्या आठवणींतून लिहून ठेविलें आहे. तरी पण ती सोय होती. कुणब्याच्या, धनगराच्या, मांगाच्या मुलासाठीं गांवांत तसे सात दरवाजे नव्हते.

या टापूंतलाच एक दाखला घ्या. आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. जन्म १८५६ चा. शिक्षणासाठीं ते कऱ्हाडास राहिले, रत्नागिरीस जाऊन आले, आणि अखेर पार वऱ्हाडांत अकोल्यास आप्तांच्या आश्रयानें राहून १८७५ सालीं मॅट्रिक झाले. कृष्णाकाठचा मुलगा मॅट्रिकसाठीं अकोल्यास जातो, याचा अर्थ काय? शाळा कोठें चांगली आहे हें पाहून मुलगा जात नसे. आप्त कोठें आहे हें पाहून जाई. ज्यानें पुढें महाराष्ट्रास शाळा आणि कॉलेज दिलें, त्याच्या स्वतःच्या शिक्षणाची दिशा अशी नात्यागोत्यानें ठरली होती.

घर असलें म्हणजे सर्व झालें असेंहि नाहीं. साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यांत सरकारी हायस्कूल भरत असे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं इंग्रजी पहिलींत एका नऊ वर्षांच्या मुलाचें नांव पटावर चढलें. तोच पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास माहीत झाला. त्याच्या वडिलांचें बिऱ्हाड साताऱ्यांत होतें. तेव्हां त्यास रात्रीचा दिवा होता. परंतु शाळेंत बसावयास त्यानें स्वतःचें गोणपाट घरून न्यावें, आणि शिपायानें वरून पाणी घातलें तरच तहान भागवावी, असा तेथील रिवाज होता. हें त्यानेंच मोठेपणीं लिहिलें आहे. १९०४ सालीं हें कुटुंब मुंबईस गेलें. ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रांत आतां 'विद्यार्थी दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं दाखल्याच्या नोंदीचें स्मरण होतें तें योग्यच आहे. त्या गोणपाटाचेंहि व्हावें.

आतां सांगलीकडे वळूं. येथील मुलांस मॅट्रिकपर्यंतची शाळा होती, परंतु मॅट्रिक होऊन पुढें काय, हा प्रश्न होता. कोल्हापुरास राजाराम कॉलेज होतें. नाहीं तर दोनशें किलोमीटरांहून दूर पुणें गांठावें लागे. वि. स. खांडेकर सांगलीचे, १९१३ सालीं मॅट्रिक होऊन ते फर्ग्युसनमध्यें गेले, आणि बुद्धि असूनहि तें शिक्षण त्यांस अर्ध्यावर सोडावें लागलें. १९२० सालीं ते शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक झाले. साहित्याचा त्यांत लाभ झाला असें आपण म्हणतों. परंतु अशीं अर्ध्यावर सुटलेलीं सर्वच शिक्षणें कादंबऱ्यांनीं भरून निघालीं नाहींत. १९१९ च्या जूनमध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें सांगलीस विलिंग्डन कॉलेज सुरू केलें, प्रा. गोविंद चिमणाजी भाटे हे त्याचे पहिले प्राचार्य. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध विश्रामबागेंत स्थिरावलेल्या या कॉलेजानें दक्षिण महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाची फार दिवसांची तहान भागविली.

त्याच वर्षीं, अवघ्या चार महिन्यांनीं, तेथून शंभर किलोमीटरांच्या आंत, कऱ्हाड तालुक्यांतील काले या खेड्यांत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. एका ठिकाणीं मॅट्रिक झालेल्यांसाठीं कॉलेज निघालें; दुसऱ्या ठिकाणीं, ज्यांच्या घरांतून मॅट्रिकचें नांवहि निघालें नव्हतें त्यांच्यासाठीं संस्था निघाली. भाऊराव पाटील यांचें बालपण वाळवें तालुक्यांतील ऐतवडें बुद्रुक येथें गेलें होतें. कोल्हापुरास ते जैन बोर्डिंगांत राहून शिकले होते, आणि शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें कशीं उभीं केलीं हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. साताऱ्यास त्यांनीं कांहीं काळ खाजगी शिकवण्याहि केल्या. लोक त्यांस 'पाटील मास्तर' म्हणत. दिवसाची शाळा काय देऊं शकते आणि काय देऊं शकत नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें.

म्हणून त्यांनीं कामाचा क्रम उलटा धरिला, आणि माझ्या मतें या सर्व इतिहासांतील महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पुण्याच्या मंडळींनीं आधीं शाळा काढली, मग कॉलेज. भाऊरावांनीं आधीं घर काढलें. १९२४ सालीं संस्था साताऱ्यास आली ती वसतिगृह घेऊन. सर्व जातींचीं मुलें एका छपराखालीं राहूं लागलीं, एका पंक्तीस जेवूं लागलीं; स्वयंपाक, झाडलोट, शेतांतील काम तींच करीत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. कोठी रिकामी झाली तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रहि मोडावयास दिलें, ही हकीकत साताऱ्यांत घरोघर सांगतात. ज्या मुलांस गांवांत सात दरवाजे नव्हते त्यांस त्या माउलीनें एक दरवाजा दिला. मग १९३५ सालीं शिक्षक तयार करण्याचें विद्यालय, १९४० सालीं महाराजा सयाजीराव हायस्कूल, आणि १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज. आधीं दिवा, मग शाळा, मग कॉलेज. 'कमवा आणि शिका' या योजनेचें मर्महि हेंच कीं, राहण्याजेवण्याचा प्रश्न हा शिक्षणाच्या बाहेरचा नसून शिक्षणाचाच एक भाग आहे.

कोणी म्हणेल कीं, हा न्यू इंग्लिश स्कूलच्या शिक्षकांवर अन्याय होतो. तसा माझा हेतु नाहीं. त्या शिक्षकांनीं विद्येचें माप कडक ठेविलें नसतें, तर वसतिगृहांतून निघालेल्या मुलांनीं गांठावयाचें तें काय? आणि विलिंग्डनचीं वसतिगृहें पाहिलीं म्हणजे सोसायटीसहि हा प्रश्न उमगला नव्हता असें म्हणवत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, या दोन परंपरा एकमेकींच्या विरोधी समजण्याची जी चाल पडली आहे ती चुकीची आहे. एकीनें शिक्षण कसें असावें हें दाखविलें, दुसरीनें तें कोणापर्यंत पोंचावें हें दाखविलें. कस आणि पोंच यांपैकीं एकाला दुसऱ्याच्या जागीं बसवितां येत नाहीं.

मी स्वतः कॉलेजांत शिकवितों. जूनमध्यें नवे विद्यार्थी आले म्हणजे गुणपत्रिका पाहून झाल्यावर मी त्यांस एक प्रश्न विचारतों, 'राहतां कोठें?' आतां मॅट्रिकची वेस नाहीं. तिच्या जागीं दहावी आहे, बारावी आहे, आणि वैद्यकीय व यांत्रिकी शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षा आहेत. त्यांची तयारी करून देणाऱ्या खाजगी संस्थांच्या पाट्यांनीं साताऱ्याच्या आणि सांगलीच्या मुख्य रस्त्यांचे मजले भरून गेले आहेत. पाट्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचीं छायाचित्रें असतात. तीं कौतुकास्पदच आहेत. पण माझ्या प्रश्नास मिळणारीं उत्तरें निराळीं असतात. कोणी आत्याकडे राहतो. कोणी एका खोलींत चौघांबरोबर कॉट घेऊन. कोणी पहांटे साडेपांचच्या एस. टी.नें येतो आणि रात्रीं परततो.

गेल्या वर्षीं आटपाडीकडच्या एका विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, त्याचा जेवणाचा डबा रोज गांवाहून एस. टी.नें येतो. आई पहिल्या गाडीच्या वाहकाजवळ डबा देते. हा स्टँडवर उभा राहून उतरून घेतो. 'आणि गाडी चुकली तर?' मीं विचारलें. तो हंसला आणि म्हणाला, 'मग त्या दिवशीं अभ्यास लौकर संपतो, सर.'

त्या मुलाचे गुण चांगले होते. आमच्या अहवालांत ते यथास्थित नोंदले गेले. डब्याची नोंद करावयास अहवालांत रकाना नव्हता.