खष्टाचे तेल आणि त्वचेतली सुई

त्वचेत सुईने द्रव्य भरून तिचा पोत सुधारणे हा अलीकडच्या सौंदर्यवैद्यकाचा शोध समजला जातो. परंतु भारतात या उपचाराला सुमारे शंभर वर्षांचा पूर्वेतिहास आहे, आणि तो ज्याला मराठीत रक्तपिती किंवा महारोग म्हटले जाई त्या कुष्ठरोगाच्या चिकित्सेतून घडलेला आहे. त्या चिकित्सेचे मुख्य द्रव्य म्हणजे खष्ट अथवा कडू कवठ या सदाहरित वृक्षाच्या बियांचे तेल. हा वृक्ष कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर, विशेषतः पाण्याच्या कडेने वाढतो. त्याच्या कठीण सालीच्या गोल फळात गराने वेढलेल्या तेलकट बिया असतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेराव्या अध्यायात ‘तुवरक’ नावाच्या वृक्षाचे जे वर्णन येते, ते अभ्यासक याच वृक्षाला लावतात. पश्चिम समुद्राच्या तीरभूमीवर, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने ज्याची पालवी हलत असते अशा वृक्षाची पिकलेली फळे पावसाळ्याच्या तोंडाशी गोळा करावीत आणि बियांचे तेल कुष्ठावर पोटातून व बाहेरून वापरावे, असा त्या वर्णनाचा आशय आहे. सोपारा आणि वसई ज्या किनाऱ्यावर वसली, तोच हा पश्चिम समुद्राचा तीर होय.

आधुनिक काळात या तेलाकडे गांभीर्याने पाहणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांचे नाव अग्रभागी येते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक असून, मुंबईत त्यांनी खष्टाच्या तेलाने कुष्ठरुग्णांवर उपचार केले. त्यांचा दुसरा ध्यास पुराविद्येचा होता आणि त्याच ध्यासातून त्यांनी हाताशी घेतलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुढे १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनीच तेथे उजेडात आणला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाल्याने सोपाऱ्याला चौदा लेखांची पूर्ण मालिका कोरलेली असावी, असे अनुमान केले जाते. त्या मालिकेतील दुसरा लेख माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराविषयी आणि जेथे औषधी वनस्पती नाहीत तेथे त्या आणून लावण्याविषयी आहे. सोपाऱ्याच्या शिळेवरचा तो भाग मिळालेला नाही. तो मिळाला असता तर या किनाऱ्याच्या वैद्यकेतिहासाचा तो सर्वांत जुना कोरीव पुरावा ठरला असता.

भाऊ दाजींच्या काळी तेल पोटात दिले जाई किंवा अंगाला चोळले जाई, आणि तेथेच उपचाराची अडचण होती. १८५४ साली कलकत्त्यात फ्रेडरिक मूअट या डॉक्टरने खष्टाच्याच कुळातील ‘चौलमुग्रा’ या तेलाचा पाश्चात्त्य वैद्यकाला परिचय करून दिल्यापासून सर्वत्र हाच अनुभव येत होता की, तेल पोटात गेले की मळमळ व उलट्या सुरू होतात आणि रुग्ण काही आठवड्यांत ते सोडून देतो. त्वचेखाली औषध सोडणारी पोकळ सुई १८५३ पासून उपलब्ध असूनही हे दाट तेल सुईवाटे देण्याचा पहिला ज्ञात प्रयोग कैरोत १८९४ साली झाला. त्यानंतर मात्र तेलाचे कोणते रूप, कोणत्या थरात आणि किती वेळा टोचावे, याविषयी तीन दशके जी तुलना चालली, ती त्वचेच्या इंजेक्शनांची पहिली मोठी तुलना म्हणावी लागेल.

या तुलनेत तीन रूपे होती. पहिले रूप म्हणजे कच्चे तेल. त्यात सुमारे चार टक्के क्रिओसोट, म्हणजे लाकडाच्या डांबरापासून मिळणारे जंतुनाशक द्रव्य, मिसळत. ते स्वस्त होते, पण जुने किंवा गरम करून काढलेले असले तर टोचल्या जागी गाठी व गळवे होत. दुसरे रूप तैलाम्लांच्या सोडियम क्षारांचे. लिओनर्ड रॉजर्स यांनी १९१५ च्या सुमारास कलकत्त्यात ते शिरेतून देण्यास आरंभ केला, परंतु त्याने ताप येई आणि शिरा कठीण होऊन बंद पडत. तिसरे रूप हवाईमध्ये १९१५–१६ साली अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने सिद्ध केले: तैलाम्लांचा अल्कोहोलशी संयोग करून मिळणारे एथिल एस्टर पातळ असल्याने अंगात सहज शोषले जात. तिचा वयाच्या चोविसाव्या वर्षी, १९१६ अखेर, मृत्यू झाला आणि तिची पद्धत काही वर्षे दुसऱ्याच्याच नावाने ओळखली गेली, हा वैद्यकाच्या इतिहासातील ठळक अन्याय आहे. तरीही भारतात अखेर सर्वांत अधिक वापर झाला तो कच्च्या तेलाचाच, कारण कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत अर्नेस्ट म्यूर यांनी असे दाखवले की, पश्चिम किनाऱ्यावरील खष्टाचे ताजे, थंड घाण्याचे तेल महागड्या एस्टरांइतकेच उपयोगी पडते आणि गरीब रुग्णालाही परवडते.

रूपाइतकाच टोचण्याच्या थराचा प्रश्न महत्त्वाचा होता. स्नायूत दिलेले तेल सर्वांगात पसरते, तर चट्ट्याच्या जागी त्वचेच्याच थरात थेंबाथेंबाने भरलेले तेल तेथेच राहते. या दुसऱ्या रीतीत प्रत्येक टोचणीसरशी कातडीवर बारीक फुगवटा उठे आणि अशा फुगवट्यांनी संपूर्ण चट्टा भरून काढला जाई. काही रुग्णांत चट्टा सपाट होऊन तेथे रंग परत येई, आणि ज्याला त्या चट्ट्यामुळे गाव व घर सोडावे लागण्याची भीती असे, त्याच्या दृष्टीने त्वचेचा पोत हा जगण्याचाच प्रश्न होता. १८९८ च्या कायद्याने भिक्षा मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून कोंडण्याची मुभा दिली होती. मुंबईत पालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली स्थापन झालेले आश्रयस्थान पुढे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून प्रसिद्ध झाले. विरार ते बॅकबे अशी गाडी १८६७ सालीच सुरू झाली असल्याने वसई तालुक्यातून मुंबई गाठणे अवघड नव्हते. परंतु असे उपचार वर्षानुवर्षे चालत, आणि दर आठवड्याची मजुरी बुडवून सुई घेण्यास येणे हे भाड्याच्या पैशांपेक्षा कठीण होते.

या तुलनेचा मुख्य दोष मात्र शेवटपर्यंत दूर झाला नाही. कुष्ठरोगाच्या सौम्य प्रकारात चट्टे अनेकदा आपोआप बरे होतात. त्यामुळे औषध न दिलेल्या रुग्णांचा गट बाजूला ठेवून पाहिल्याशिवाय यश तेलाचे की निसर्गाचे, हे ठरत नाही. अशी पडताळणी अपवादानेच झाली, आणि बऱ्या झालेल्या अनेकांत रोग उलटला. १९४१ साली अमेरिकेत कारव्हिल येथे सल्फोन वर्गातील औषध शिरेतून देऊन गुण आला, १९४६ च्या सुमारास मद्रासजवळ चिंगलपेट येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्याच वर्गातील डॅप्सोन तेलातून टोचून पाहिले, आणि थोड्याच वर्षांत तेच औषध स्वस्त गोळीच्या रूपात आले. बाबा आमटे १९४९ साली कलकत्त्याच्या त्याच संस्थेत कुष्ठचिकित्सा शिकले, तेव्हा तेलाचा काळ सरत आला होता. १९८१ नंतर अनेक औषधे एकत्र देणारी उपचारपद्धती आल्यावर सुईची गरजच उरली नाही.

आजच्या सौंदर्योपचारात त्वचेच्या थरात बारीक फुगवटे उठवत द्रव्य भरण्याची जुनी रीत वेगळ्या हेतूने पुन्हा दिसते. १९३४ साली गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे केलेले हायलुरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवते; रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या बिंबिकायुक्त (प्लेटलेटयुक्त) द्रवात पेशींच्या वाढीस चालना देणारी प्रथिने असतात; पॉलिलॅक्टिक आम्ल कोलाजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, हळूहळू वाढवते; बोटुलिनम विष स्नायू सैल करून सुरकुती कमी करते. यांची कार्यपद्धती इतकी भिन्न आहे की, ‘सर्वांत चांगले कोणते’ हा प्रश्न हेतू सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतो. शिवाय सुईच्या नुसत्या टोचणीनेही त्वचेची काही दुरुस्ती सुरू होत असल्याने, औषधाविना टोचलेल्या गटाशी ताडून पाहण्याची गरज येथेही तितकीच आहे. गोरेपणासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या ग्लुटाथिऑनला तर असा भक्कम आधार नाही.

वसई व सोपारा ज्यात येतात त्या पालघर जिल्ह्यात घरोघरीच्या शोधमोहिमांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजूनही सापडतात. त्यातला फिकट, बधिर चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून तो पुष्कळदा केवळ रंगाचा दोष समजला जातो. आरोग्य कर्मचारी रुग्णाला डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने चट्ट्याला हलका स्पर्श करतात आणि स्पर्श कळला तेथे बोट ठेवायला सांगतात. ज्यांना तो कळत नाही, त्यांना पुढील तपासणीसाठी पाठवले जाते आणि निदान झाल्यास सरकारी केंद्रातून गोळ्या विनामूल्य मिळतात.