गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर तारीख

चपला इथेच काढा. यापुढे अनवाणी चालायचंय, तेही बेड्या हातात उचलून धरून, नाहीतर घोटे सोलून निघतील. साल 1910 च्या आसपासचं. खून, दरोडा, काय केलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. शिक्षा मात्र काळ्या पाण्याची. ‘महाराजा’ बोटीच्या तळाशी ओकारी, घाम आणि डांबराच्या वासात दिवस काढून तुम्ही पोर्ट ब्लेअरला उतरलात. समोर चढण, वर सेल्युलर जेल.

फाटक मागे बंद होतं. आखूड चड्डी, सदरा, टोपी मिळते. गळ्यात लोखंडी कडी अडकवतात, तिला लाकडी बिल्ला. त्यावर तुमचा क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. त्या तुरुंगातली सर्वांत क्रूर वस्तू मला हीच वाटते. वाकलात की वीसपंचवीस वर्षांनंतरची ती तारीख छातीवर आपटते.

कोठडी 13.5 फूट लांब, 7.5 फूट रुंद. अडसर भिंतीतल्या खोबणीत, इतका दूर की गजांतून हात घातला तरी पोचत नाही. समोर माणूस दिसेल म्हणून डोकावता, तर पुढच्या इमारतीची पाठ! पहिले सहा महिने असेच एकट्याने काढायचे. शौचाला सकाळ, दुपार, संध्याकाळ, तेही सांगतील तेव्हा. रात्री पोटात कळ आली तर कोपऱ्यात डांबर लावलेलं मडकं आहे. त्याच्या शेजारीच झोपायचं.

सकाळी पाणचट कांजी घशाखाली ढकलता आणि कामाला जुंपले जाता. नशीब बरं असेल तर नारळाची सोडणं कुटून काथ्या काढायचा. नसेल तर कोलू, म्हणजे तेलाचा घाणा. लंगोटी लावा, दांड्याला छाती भिडवा आणि फिरा. खोबऱ्याचा खवट वास नाकात बसतो, तळवे तेलाने निसटतात, डोकं गरगरतं. थांबलात की देखरेखीवरचा टिंडाल ओरडतो. तोही कैदीच, म्हणून जास्तच कडक. संध्याकाळपर्यंत 30 पौंड तेल. वजनात कमी भरलं तर खडी हथकडी: हात डोक्यावर भिंतीला जखडलेले, दिवसभर उभं. बाहेर पाऊस कोसळतोय आणि तुम्हाला घोटभर पाणी मागून घ्यावं लागतंय.

घरी पत्र? वर्षातून एक.

पण बाहेर पडायची वाट आहे, आणि ती पायरीपायरीची आहे. आधी कोठडीतून बराकीत, मग पहाऱ्यात रस्त्याच्या नाहीतर जंगलतोडीच्या कामावर. चांगली वागणूक टिकवलीत तर दहाएक वर्षांनी सेल्फ-सपोर्टरचं तिकीट. आता स्वतःची झोपडी, तुकडाभर जमीन. पहिल्या रात्री आतून कडी लावता, उघडता, पुन्हा लावता. सरकारची परवानगी काढून साऊथ पॉईंटच्या बायकांच्या तुरुंगातल्या कैदिणीशी लग्नही लावता येतं. तिचा मुलूख वेगळा, जात वेगळी. बोलणं दोघांनाही जमेल तसल्या हिंदुस्थानीत. मुलंही तीच बोलतात.

मग एक दिवस बिल्ल्यावरची ती तारीख खरंच उगवते. बोट धक्क्याला लागलीय. कारकून विचारतो, देशी जाणार की इथेच राहणार? तुम्ही घरी येऊन सांगता, तर बायको म्हणते, “आणि गाय कोणाला द्यायची?”