धांवतें अक्षर व स्थिर रेघ : मोडीच्या खिळ्यांविषयीं थोडेसें

विलायती छापखान्यांत अक्षरांची एक जात आढळते. तिचें अंग उजवीकडे झुकलेलें, आणि टोकांस जाड चौकोनी पट्ट्या. या दोन गुणांचीं कुळें निराळीं आहेत. तिरपें वळण मूळचें लपेटीच्या हस्ताक्षराचें. व्हेनिसच्या आल्डस मॅन्यूशियसनें तें १५०१ सालीं छापील ग्रंथांत आणिलें. जाड पट्टी त्यानंतर सुमारें तीन शतकांनीं, जाहिराती दुरून दिसाव्या म्हणून, इंग्रजी ओतशाळांत निघाली. वळण अक्षरास धांवावयास लावितें, पट्टी त्यास थोपवून धरिते. म्हणून एखाद्या शब्दावर भर देण्यास हें अक्षर उत्तम. लांब मजकूर मात्र त्यांत वाचवत नाहीं.

धांव आणि थांब यांचा असा मेळ आपल्या मोडींत हातानेंच साधलेला होता, असें आमचें मत आहे.

प्रथम बाळबोधीचा आदर्श पाहूं. जालना जिल्ह्यांतील जांब येथें शके १५३० (इ. स. १६०८) मध्यें जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या १९व्या दशकाच्या पहिल्या समासांत तो सांगितला आहे : अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या, सारा ग्रंथ एकाच टांकानें लिहिल्यासारखा. खिळे पाडणाऱ्या कारागिरानें समोर ठेवावें असेंच हें वर्णन आहे. मोडीची रीत याहून वेगळी. लेखक आधीं कागदभर रेघ ओढतो, मग तिच्याखालीं शक्य तों टांक न उचलतां अक्षरें जोडीत जातो. रेघ स्थिर, अक्षर धांवतें.

बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बाळबोध खिळ्यांनीं छापलें गेलें, आणि कोश १८१० सालीं मोडी खिळ्यांनीं. परंतु बाळबोधीचें सुटें अक्षर खिळ्यास मानवलें, तसें मोडीचें मानवलें नाहीं. खिळा म्हटला कीं प्रत्येक अक्षराचें चौकट वेगळें. तेथें रेघेचे तुकडे झाले व टांकाची धांव खुंटली. विलायतेंत लपेटी ही उभ्या अक्षराची सोबतीण झाली. आपल्याकडे मोडी दप्तरांतच राहिली आणि छापखाना बाळबोधीचा झाला.

याचा परिणाम संशोधकांस भोगावा लागतो. राजवाड्यांच्या 'साधनां'चा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तेव्हांपासून मोडी कागद आपण बहुधा बाळबोधींतच वाचीत आलों. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा नसतो व शब्दही सुटे नसतात. म्हणजे छापील प्रतींतील प्रत्येक वेलांटी व प्रत्येक शब्दच्छेद हा संपादकाचा निर्णय होय, मूळ लेखकाचा नव्हे.

संगणकावर बाळबोध तिरपी करण्याची सोय आहे. पण तें उभें अक्षर कलंडविणें झालें, मोडी नव्हे. २०१४ सालीं युनिकोडांत मोडीस स्थान मिळालें आहे. आतां जे कोणी तिचे नवे संगणकी ठसे घडवितील त्यांनीं रेघ अखंड राखावी. आणि ज्यांच्या संग्रहीं मोडी कागद आहेत त्यांनीं बाळबोध प्रतीशेजारीं मुळाचें छायाचित्र अवश्य द्यावें, इतकेंच आमचें मागणें आहे.