जोखमीचें भांडवल आणि डिजिटल कंपनीचा उत्कर्ष

कंपनीच्या भरभराटीचें श्रेय भांडवल पुरविणारास कितपत द्यावें, या वादांत डिजिटल कंपनीचें उदाहरण नेहमीं पुढें केलें जातें. तें तपासून पाहणें इष्ट आहे.

इ. स. १९४६ मध्यें बोस्टन येथें ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही मंडळी निघाली. प्रयोगशाळांतील नव्या शोधांवर तारणावांचून कर्ज देण्यास पेढ्या नाखूष असत. सबब कर्जाऐवजीं भाग घेऊन पैसा पुरवावा, हा तिचा उद्देश. तिचे सूत्रधार हार्वर्डचे अध्यापक जॉर्ज डोरिओ.

१९५७ सालीं केन ओल्सेन व हार्लन अँडरसन या यंत्रविशारदांस तिनें ७०,००० डॉलर दिले. गणकयंत्राचें नांव काढूं नका आणि नफा लवकर दाखवा, असा सल्ला त्यांस मिळाला होता. मेनार्ड येथील लोकरीच्या जुन्या गिरणींत बसून त्यांनीं आरंभीं यंत्राचे सुटे भागच विकले, व पहिल्याच वर्षीं नफा झाला. संपूर्ण गणकयंत्र मागाहून आलें. हा संयम भांडवलवाल्यांच्या धाकाचें फळ होय, असें आमचें मत आहे.

परंतु मंडळीच्या २६ वर्षांतील एकूण नफ्यापैकीं जवळजवळ निम्मा या एकाच व्यवहाराचा. त्या ७०,००० चे ३५ कोटी ५० लाख डॉलर झाले. डोरिओंचा सल्ला तर इतर कंपन्यांसही लाभला होता! मग रोप पाण्यानें वाढलें, कीं वाढणारेंच रोप पाण्यासाठीं निवडलें गेलें? मंडळी बहुतेक अर्ज नाकारीत असे. त्या अर्जदारांचें पुढें काय झालें, हें त्यांचीं दप्तरें पाहिल्यावांचून ठरवितां येत नाहीं.